दादाभाऊंची पॅनिक वही

पहिला पॅनिक आला तो मंगळवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. दादाभाऊ तेव्हा एक्केचाळिसाव्या गाड्याच्या मालकाचं नाव टाईप करत होते. नाव लांबलचक होतं. मालकाच्या मागे त्याचे दोन भाऊ, एक मेव्हणा आणि एक कैलासवासी आजोबा जोडलेले होते, कारण आपल्याकडे बैलगाडा एकट्याच्या नावावर कधी पळत नाही. दादाभाऊंचं बोट आजोबांपर्यंत पोहोचलं आणि पडदा काळा झाला. काळ्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी भराभर उमटल्या, वर सरकल्या आणि जागच्या जागी थिजल्या. दादाभाऊंनी चष्मा पुसून शेवटची ओळ एकेक अक्षर लावून वाचली. कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग.

त्यांनी आधी मागे वळून बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून. पाहिलं होतं. त्यांच्या मंडळी, म्हणजे शीलाबाई, उंबऱ्यात मेथी निवडत बसल्या होत्या.

“काय मोडलं?” त्यांनी विचारलं.

“मोडलं न्हाई. इचार करतंय.”

“मग तुमी तवर दळण घेऊन या. त्याचा इचार व्हईस्तवर.”

दादाभाऊ दळणाला गेले नाहीत. ओसरीवरून अंगणात, अंगणातून गोठ्यात आणि गोठ्यातून परत ओसरीवर अशा त्यांनी सात फेऱ्या मारल्या. हा माणूस मुळातच जागेवर बसणाऱ्यांतला नव्हता. लग्नात अक्षतांच्या वेळीसुद्धा ते मांडवाचे खांब हलवून बघत.

पिंपरी पेंढारच्या शिवेवरच्या त्यांच्या वाडीत चैत्रात खंडोबाची यात्रा भरते आणि यात्रेत गाडे पळतात. सव्वीस वर्षं घाटाच्या, म्हणजे गाडे पळायच्या धावपट्टीच्या, टोकाला हातात स्टॉपवॉच घेऊन दादाभाऊ बसले होते. गाडा किती सेकंदांत आला ते त्यांनी सांगायचं आणि पाच हजार माणसांनी ऐकायचं. स्टेजवर डावीकडून तिसरी खुर्ची त्यांची. मग आपोआप वेळ मोजणारं यंत्र आलं. दादाभाऊंना कोणी ऊठ म्हणालं नाही, पण पुढच्या यात्रेत तिसरी खुर्ची स्टेजवर नव्हतीच. म्हणून यंदाच्या मीटिंगमध्ये ते ताडकन उभे राहिले आणि म्हणाले, “गाड्यांची यादी कॉम्प्युटरवर करू. म्या करतो.” तोपर्यंत त्यांनी कॉम्प्युटरला बोट लावलेलं नव्हतं, ही गोष्ट त्यांना घरी परत येताना आठवली.

कमिटीचे अध्यक्ष सयाजीराव शांत माणूस. ते म्हणाले, “करा की. खुर्ची ठिवू तुमची. पण यात्रेच्या सकाळी यादी बरोबर पायजे. एक नाव इकडचं तिकडं झालं तर घाटात काठ्या निघत्यात. नसंल जमत तर तुमी आपले पावण्यांसंगं मांडवात बसा, निवांत.”

तो ‘निवांत’ दादाभाऊंच्या छातीत रुतून बसला. निवांतपणाइतकी त्यांना आयुष्यात दुसरी कशाची भीती नव्हती.

कॉम्प्युटर आला तो मुलीकडून. वृषाली पुण्यात कंपनीत होती. तिने आपला जुना डबा आणून दिला, त्यात फुकटात मिळणारी कसलीशी सिस्टिम घातली, आणि उन्हाळा आहे, हवा खेळावी म्हणून डब्याचं एका बाजूचं पत्र्याचं झाकण काढून ठेवलं. या झाकणाकडे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. डब्याची रीतसर पूजा मात्र झाली. नवा ट्रॅक्टर येवो, विहिरीवरची मोटर येवो नाहीतर मिक्सर येवो, वाडीत यंत्राला भंडारा उधळल्याशिवाय बटण दाबत नाहीत. दादाभाऊंनी मूठभर भंडारा उधळला, नारळ फोडून पाणी शिंपडलं आणि मगच बटण दाबलं.

पॅनिकच्या दिवशी सातव्या फेरीला शेजारचे चिमाजी भेटले. चिमाजी गाडामालक. यंत्र आणि बैल यांत ते फरक करत नसत.

“बसलं म्हणता? मधीच?” चिमाजींनी डब्याभोवती एक चक्कर मारली. “नजर लागलीय, भाऊ. लई जणांनी बघितलं त्याला. भंडारा लावा.”

दादाभाऊंनी देवघरातून वाटी आणली. डोळे मिटून डब्यावर तीन चिमटी भंडारा सोडला. चिमाजींनी बैलाच्या पाठीवर मारतात तशा डब्यावर दोन सणसणीत थापा दिल्या. बटण दाबलं आणि कॉम्प्युटर सुरू झाला. एक्केचाळिसावा गाडा आजोबांसकट गेला होता, पण चाळीस शाबूत होते. चिमाजींनी मिशीवरून हात फिरवला आणि ही बातमी घेऊन ते थेट चावडीवर गेले.

दुसऱ्या दिवसापासून दादाभाऊंनी वही घातली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. पट्टीने चार रकाने आखले: तारीख, वेळ, पडद्यावर काय आलं, आणि कारण. सव्वीस वर्षं सेकंद मोजलेल्या माणसाला नोंदीशिवाय झोप लागत नाही. पहिले तीन रकाने भरत गेले. चौथ्यात ते दर वेळी ‘अज्ञात’ लिहीत.

रोज जेवणानंतर वृषालीला फोन होई.

“पप्पा, कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा,” ती सांगे. “बाकीचे प्रोग्रॅम म्हणजे यात्रेला आलेली माणसं समजा. त्यातलं कोणी चक्कर येऊन पडलं तर यात्रा बंद होत नाही. पण कमिटीच पडली तर?”

“सयाजीराव पडत न्हाईत.”

“समजा हो. कर्नल ही कमिटी आहे. कोणाला कुठे जागा द्यायची, कोणाची बारी कधी, सगळं तोच बघतो. त्याच्यात छोटी चूक झाली तर तो ऊप्स म्हणतो आणि कसाबसा पुढे चालतो. मोठी झाली की पॅनिक. मग जागेवर थांबतो.”

दादाभाऊंनी लिहून घेतलं. ऊप्स म्हणजे बैलाला ठेच लागली. पॅनिक म्हणजे बैल घाटातच बसला.

“पण थांबतो कशाला?” त्यांनी बेचैन होऊन विचारलं. “रेटायचं की राव पुढं.”

“रेटलं तर यादीच चुकेल ना. आपल्याला आठवतंय ते चुकीचं आहे असं कळलं की तो पुढचं एक अक्षर लिहीत नाही. खोटं लिहिण्यापेक्षा तो सगळ्यांसमोर थांबतो आणि चुकलं म्हणून सांगतो.”

हे वाक्य दादाभाऊंना फार आवडलं. त्यांनी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या. माणसाने एखादं वाक्य फार कौतुकाने लिहून ठेवलं की ते त्याच्यावरच उलटायला बसलेलं असतं, पण ते तेव्हा कळत नाही.

पॅनिक येतच राहिले. कधी दोन दिवसांनी, कधी दिवसातून दोनदा. दर वेळी भंडारा, दर वेळी थापा, आणि दर वेळी अर्ध्या तासाने डबा सुरू. एकदा चिमाजी लग्नाला मढ गावी गेले होते, तेव्हा दादाभाऊंनी आपल्या हाताने थापा मारून बघितल्या, तर त्यांनाही यश आलं. पोस्टमन म्हणाला, वायर जमिनीत पुरा. सोसायटीचे सचिव म्हणाले, लाईट तिकडून खराब येतीय, अर्ज द्या. एका मास्तरांनी डबा पूर्वेकडे तोंड करून ठेवायला सांगितलं, त्याप्रमाणे टेबल फिरवलं, तर शीलाबाईंना स्वयंपाकघरात जायला वाट उरली नाही. त्यांनी पाच दिवस टेबलाखालून ये-जा केली आणि सहाव्या दिवशी मास्तरांच्या घरी जाऊन काय सांगितलं ते कळलं नाही, पण मास्तर स्वतः येऊन टेबल फिरवून गेले.

चावडीवर मात्र वेगळंच चाललं होतं. चिमाजींनी सांगितलेली गोष्ट फिरून वाडीत परत आली तेव्हा ती अशी झाली होती की, दादाभाऊंच्या घरचं यंत्र देवाचं आहे, भंडाऱ्याशिवाय चालत नाही. गाडामालक आपलं नाव यादीत आहे का बघायला येत, ते चपला बाहेर काढून येऊ लागले. महाळुंगे पडवळहून आलेल्या एका म्हाताऱ्याने डब्यापुढे अकरा केळी ठेवली आणि सकाळच्या गारव्यातली बारी मागितली. बारी चिठ्ठ्यांवर ठरते, यंत्रावर नाही, हे सांगायला दादाभाऊंनी तोंड उघडलं होतं. पण इतक्या दिवसांनी कोणी त्यांच्यापुढे हात जोडून बसलं होतं. त्यांनी तोंड मिटलं आणि येणाऱ्यांच्या समाधानासाठी सकाळ-संध्याकाळ चिमूटभर भंडारा आधीच सोडायला सुरुवात केली.

मधे परवानगीचं काम निघालं. शर्यतीला सरकारी परवानगी लागते, आणि परवानगीला गाड्यांची छापील यादी. कचेरी कोणती ते सांगून उपयोग नाही, सगळीकडे टेबल तेच असतं. दादाभाऊंनी तोवर झालेल्या यादीचे मोबाईलवर फोटो काढले होते, ते दुकानात छापून घेतले आणि कागदांचा गठ्ठा कचेरीत दिला. साहेबांनी प्रत्येक पानावर आवकचा शिक्का मारला. नवव्या पानावर थांबले.

“हे काय?”

दादाभाऊंनी वाकून बघितलं. ते पॅनिकचं पान होतं. वृषालीला पाठवायला काढलेला फोटो यादीच्या फोटोंत मिसळला होता.

“साहेब, ही चूक हाय,” दादाभाऊ म्हणाले.

“चूक दुरुस्त करायला वेगळा अर्ज लागेल. आता याला आवक नंबर पडला.” साहेबांनी पान परत निरखलं. “इंग्रजीत आहे. मराठी प्रत जोडा. दोन प्रतींत.”

दादाभाऊंनी कचेरीच्या ओट्यावर बसून कर्नल पॅनिकचं मराठी भाषांतर केलं. ‘गाभा घाबरला असून ताळमेळ घेत नाही,’ असं लिहून खाली सही केली. त्याची पोच अजून त्यांच्या पाकिटात आहे. यादी त्याच गठ्ठ्यात मंजूर झाली.

यात्रा चार दिवसांवर आली तेव्हा वहीत सोळा नोंदी होत्या आणि यादीत एकशे शहाऐंशीपैकी एकशे साठ गाडे. त्या सोळांतल्या तीन त्याच दिवशीच्या, सकाळपासून डबा तीनदा बसला होता. तिसऱ्यांदा थापांनाही उठला नाही. नेमके सयाजीराव आले होते. त्यांनी केळ्यांच्या साली बघितल्या, पिवळा डबा बघितला आणि जाताना दारात म्हणाले, “मांडवात पंखे बी लावलेत यंदा. निवांत वाटंल तुमाला.”

दादाभाऊंनी डबा पोत्यात घातला आणि आळेफाट्याची जीप धरली.

आळेफाट्याला उज्ज्वलाचं दुरुस्तीचं दुकान. तिशीतली बाई, कमी बोलणारी. तिने पोतं सोडलं, डबा टेबलावर आडवा केला, आणि बॅटरी लावून आत बघितलं. मग तिने डबा उलटा करून हलवला. टेबलावर भंडाऱ्याचा ढीग पडला. त्यात तांदूळ होते, खोबऱ्याचा एक तुकडा होता, आणि त्यामागून मुंग्यांची एक रांग शिस्तीत बाहेर आली.

“काका,” उज्ज्वला म्हणाली, “ह्याची पूजा कोण करतं?”

तिने मेमरीची पट्टी काढून दाखवली. बोटभर लांबीची पट्टी, तिच्या सोनेरी दातांवर हळद आणि नारळाच्या पाण्याचा लगदा वाळून बसला होता. यंत्राला जे आठवायचं ते ह्या पट्टीत, ती समजावून सांगू लागली. दातांवर घाण बसली की त्याला भलतंच आठवतं. भलतंच आठवलं की पॅनिक. थाप मारली की पट्टी जागेवर बसते, तेवढ्यापुरतं चालतं. आणि मग वरून परत भंडारा.

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. एक तर ओळखीचं निघालं. दादाभाऊंच्या डोळ्यांसमोर वहीच्या सोळा ओळी उभ्या राहिल्या, सोळाही ठिकाणी ‘अज्ञात’. सव्वीस वर्षं ज्याचा शब्द पाच हजार माणसं ऐकत होती त्याला आता खरं सांगायचं होतं.

“आमच्या मंडळी,” दादाभाऊ म्हणाले. “लई देवभोळ्या हायेत. ऐकत न्हाईत.”

उज्ज्वलाने पट्टीचे दात शाळेच्या खोडरबरने घासले, फुंकणीने आतलं सगळं उडवलं, पंखा साफ केला आणि तासभर मेमरीची तपासणी लावली. एकही चूक निघाली नाही. डबा देताना तिने घरचा नंबर मागितला. काहीतरी बिलबिल असेल म्हणून दादाभाऊंनी दिला.

ते घरी पोहोचले तेव्हा शीलाबाई ओसरीवर उभ्या होत्या.

“दुकानवाल्या ताईंचा फोन आलता,” त्या म्हणाल्या. “लई गोड बोलल्या. म्हणाल्या, काकू, देवावर श्रद्धा असावी, पण मशीनवर भंडारा टाकू नका.”

दादाभाऊंनी पोतं खाली ठेवलं.

“म्या म्हणलं, न्हाई टाकणार,” शीलाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यानंतर त्या तीन दिवस बोलल्या नाहीत. जेवायला वेळेवर वाढत, चहा वेळेवर येई, पण शब्द नाही. दादाभाऊंनी उरलेले सव्वीस गाडे टाईप केले. डबा एकदाही बसला नाही. यंत्र इतकं सरळ चालत होतं की त्यांना त्याचा राग येऊ लागला. रात्रंदिवस एकच गोष्ट टोचत होती. चूक झाली याचं इतकं वाईट वाटत नव्हतं, पण ती चारचौघांत बायकोच्या पदरात टाकली आणि तिने फोनवर ती नाकारलीसुद्धा नाही, याची त्यांना लाज वाटत होती. ते अंगणात फेऱ्या मारत आणि आत जाऊन सांगू म्हणून उंबऱ्यापर्यंत येत. तिथून परत फिरत.

यात्रेची सकाळ उजाडली. घाट पाणी मारून तयार होता, दोन्ही बाजूंना माणूस मावत नव्हता. स्टेजवर डावीकडून तिसरी खुर्ची होती आणि तिच्यावर गादीसुद्धा होती. पुढे टेबलावर डबा. दादाभाऊ खुर्चीवर टेकले आणि त्यांनी एकशे शहाऐंशी नावांवरून नजर फिरवली. सगळी होती, आजोबांसकट.

मग वाजंत्री वाजू लागली. दादाभाऊंनी मान वर केली तर चिमाजी स्टेजच्या पायऱ्या चढत होते. त्यांच्या खांद्यावर भंडाऱ्याची अख्खी गोणी होती. मागे सयाजीराव नारळ घेऊन, त्यामागे गाडामालक ओळीने, प्रत्येकाची मूठ भरलेली.

निवेदकाने माईकवर सांगितलं, “मंडळी, पहिल्या बारीच्या आधी आपल्या देवाच्या यंत्राची पूजा होईल.”

दादाभाऊ उभे राहिले. “चिमाजी, लांबून करा,” ते हळूच म्हणाले.

“लांबून कसं? ह्याच्याशिवाय चालतंय व्हय ते?” चिमाजींनी गोणीचं तोंड सोडलं. “महिनाभर तुमीच तर टाकताय.”

डब्याची ती बाजू अजून उघडीच होती. दादाभाऊंनी पत्र्याच्या झाकणासाठी टेबलाखाली हात घातला. झाकण घरी होतं. चिमाजींनी ओंजळ भरली, सयाजीरावांनी नारळ उगारला, खालून येळकोटाचा गजर उठला, आणि दादाभाऊ झेप घेऊन डब्यावर पालथे पडले.

भंडारा त्यांच्या पाठीवर पडला. मग डोक्यावर, मानेवर, कानांत. मागच्यांना पुढे काय झालं ते दिसलं नाही, त्यांनीही मुठी सोडल्या. नारळाचं पाणी पाठीवरून खाली आलं.

निवेदक गडबडला. “दादाभाऊंची ही भक्ती बघा, मंडळी...”

इथे सगळं निभावलं असतं. भक्ती म्हणून टाळ्या पडल्या असत्या, खुर्ची कायमची झाली असती. दादाभाऊंनी डब्यावर पडल्या पडल्या हात लांब केला आणि माईक ओढून घेतला.

“भक्ती न्हाई,” ते म्हणाले. तोंडात भंडारा गेला होता, त्यांनी तो थुंकून टाकला. “हे यंत्र देवाचं न्हाई. आमच्या वृषालीचं हाय. ते भंडाऱ्यानं चालत नव्हतं, भंडाऱ्यानं बंद पडत व्हतं. सोळा येळा. आन् टाकणारा म्या. चिमाजीनं सांगितलं, पर हात माझा व्हता.” ते थांबले. माईकमधून त्यांचा दम ऐकू येत होता. “आळेफाट्याला म्या सांगितलं की आमच्या मंडळींनी टाकला. त्यांनी बोट बी लावलं नव्हतं. ते बी लिवून घ्या.”

बायकांच्या मांडवात शीलाबाई पुढच्या रांगेत होत्या. दादाभाऊंना तिकडे बघायचं धाडस झालं नाही.

सयाजीरावांनी हातातला नारळ टेबलापासून दूर, स्टेजच्या कडेला नेऊन फोडला. मग ते परत आले, धोतराच्या सोग्याने तिसऱ्या खुर्चीची गादी झटकली आणि म्हणाले, “यादी बरोबर हाय ना?”

“हाय.”

“मग बसा. नावं वाचा.”

दादाभाऊ डोक्यापासून पायापर्यंत पिवळे होऊन संध्याकाळपर्यंत नावं वाचत राहिले. चिमाजींचा गाडा दुपारच्या उन्हात पळाला, तरी त्यांनी जाता जाता डब्याला लांबूनच हात जोडला. पॅनिक आला नाही.

दिवेलागणीला ते घरी आले. उंबऱ्यात शीलाबाई उभ्या होत्या, हातात केरसुणी.

“तिथंच थांबा,” त्या म्हणाल्या. तीन दिवसांत पहिला शब्द. “आत फ्रिज हाय, टीव्ही हाय. आधी झटका.”

त्यांनी स्वतःच केरसुणीने त्यांची पाठ झाडली, जरा जोरातच. झाडून झाल्यावर त्या आत गेल्या आणि चहा ठेवल्याचा आवाज आला.

दादाभाऊंनी वही काढली. चौथ्या रकान्यातलं पहिलं ‘अज्ञात’ खोडून त्यांनी तिथे आपलं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. खालच्या पंधरा ओळींत त्यांनी वळणदार अक्षरात ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं. शीलाबाईंनी चहाचा कप वहीशेजारी ठेवला, वाकून ते सगळं वाचलं, आणि मग कप वहीपासून हातभर लांब सरकवला.